सावेकाकांचा बिनओळखीचा चाकू

सावेकाकांनी माझ्या नवऱ्याला पसंत केलं ते भिंगातून बघून. म्हणजे नवऱ्याला नव्हे, त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला. आमच्या सरावलीच्या घरी बघण्याचा कार्यक्रम चालला होता, पोहे फिरत होते. शेजारधर्म म्हणून बोलावलेल्या काकांनी मुलाला घड्याळ काढायला लावलं, उलटं केलं, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मागचा शिक्का वाचून जाहीर केलं, "मूळ बरोबर हाय. पोरगा खोटा नसावा." बाबांनी पत्रिका जुळवण्यात चार दिवस घातले होते, पण बोलणी पुढे सरकली ती काकांच्या या दाखल्यावर. आता आम्ही काकांच्याच इमारतीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, आणि मुलगा खोटा निघालेला नाही. घोरतो, पण ते शिक्क्यात दिसत नसावं.

'मूळ' हा काकांचा शब्द. चाकूचं पातं जिथे मुठीत शिरतं, तिथे बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. त्याला काका मूळ म्हणतात. स्काउटची पोरं शिबिराला नेत तसले जुने, अनेक पात्यांचे खिशातले चाकू काका जमवतात. एक लांब पातं, एक डबा उघडायचं, एक बाटलीचं बूच काढायचं, एक चामड्याला भोक पाडायचा टोच्या, आणि पट्ट्याला अडकवायला टोकाशी कडी. असे बेचाळीस चाकू त्यांच्या दोन खोल्यांत आहेत. माणूस मात्र एकच. काकांनी लग्न केलं नाही. "पातं खोटं बोलतं, मूळ नाय," असं म्हणणाऱ्याला मुलगी दाखवायची हिंमत कोणी केली नसणार.

बाजारात ते पापलेटचा कल्ला उघडतात तेव्हाही "मूळ बघतो" असंच म्हणतात. बोईसरचे सगळे भंगारवाले त्यांना ओळखतात. काका फाटकातून शिरले की आतून कोणीतरी हमखास ओरडतो, "अंकल आ गए, लोहे का ढेर खोल दो." मग काका त्या ढिगापुढे फतकल मारून बसतात आणि गंजलेले नटबोल्ट तांदूळ निवडावेत तसे निवडतात.

दांडीच्या समुद्रकिनाऱ्यावर एक बाई असल्या जुन्या चाकूने कालवं फोडताना त्यांना दिसली. डबा उघडायचं पातं शिंपल्याच्या फटीत घालून ती असा काही झटका देई की काकांच्या काळजाचं पाणी होई. त्यांनी बदल्यात नवाकोरा स्टीलचा सुरा देऊ केला. बाई म्हणाली, "भाऊ, ह्याचा तोंड कालवाला बरोबर लागते. तुमी कपाटात ठेवून त्याचा काय करनार?" तेव्हापासून दर महिन्याला ते दांडीला जाऊन तो चाकू नुसता बघून येतात. सोबत शिवणयंत्राच्या तेलाची कुपी नेतात आणि त्याच्या बिजागरीत दोन थेंब सोडून येतात.

चाकूच्या बाबतीत काकांना भीडभाड ठाऊक नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जावयाने परदेशातून आणलेला चाकू कौतुकाने दाखवला. काकांनी भिंग लावलं आणि पाच माणसांत सांगितलं, "डुप्लिकेट. जावयाला ईचारा, खरंच गेलेला काय?" ते गृहस्थ सहा महिने काकांना बघून जिना बदलत होते. आमच्या इमारतीला जिना एकच आहे, त्यामुळे त्यांना बराच त्रास झाला.

एका चाकूपुढे मात्र काकांचं भिंग थकत होतं. तो त्यांचा सर्वांत पहिला चाकू. काका सातवीत असताना शाळेचं स्काउट शिबिर निघालं. न्यायच्या सामानाच्या यादीत चाकू होता, आणि तसला चाकू तारापूरच्या त्यांच्या घरात कोणी पाहिलेलाही नव्हता. वडील नव्हते. तेरा वर्षांनी मोठे जगन्नाथदादा बोईसरच्या एका वर्कशॉपात फिटर होते. त्यांनी चार दिवसांनी चाकू आणून भावापुढे ठेवला आणि सांगितलं, "आमच्याकडं मशीन बसवायला गोरा साहेब आलेला, त्यानं दिला. विलायती हाय." पुढे काका नोकरीसाठी सरावलीला आले, दादा तारापूरलाच राहिले. आता दादांचे गुडघे गेलेत, त्यामुळे येणंजाणं नाही. पण दर रविवारी सकाळी दादांचा फोन येतो. माझं स्वयंपाकघर काकांच्या खिडकीच्या बरोबर वर असल्याने तो मला पाठ आहे.

"लागला काय पत्ता माज्या चाकूचा?"

"नाय दादा. लय दुर्मिळ हाय. तपास चालू हाय."

एवढ्यावरून सुरुवात होऊन मग वाडीतले नारळ, कोणाचं लग्न, कोणाचं ऑपरेशन असं करत तासभर जातो.

गेल्या वर्षी पालघरच्या एका वाचनालयाने काकांचे चाकू आठवडाभर काचेच्या कपाटात मांडायचं ठरवलं. प्रत्येकापुढे माहितीचं कार्ड हवं होतं. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. काका चाकू एकेक करून टेबलावर ठेवत आणि मी उचलून घेई. सुरी हातात दिली की भांडण होतं, हे भिंगवाल्या माणसालाही मान्य आहे. एक्केचाळीस कार्डं झाली. शेवटी तो चाकू आला.

"लिही, तपास चालू," काका म्हणाले.

मी एमआयडीसीत रसायनांची शुद्धता तपासायचं काम करते. तपास अर्धवट राहिलेला मला सोसत नाही. मी काकांचं भिंग उचललं आणि मूळ पाहिलं. इंग्रजी अक्षरं एकेक करून हातोडीने ठोकलेली, जराशी वरखाली. 'मेड इन इंग्लंड'. पण इंग्लंडचं स्पेलिंग 'ई'ऐवजी 'आय'ने सुरू होत होतं.

मी खो खो हसले. "काका, हा कसला विलायती? हा बोईसरचं रेल्वे फाटकसुद्धा ओलांडून गेलेला नाही."

काका हसले नाहीत. चाकू मिटून त्यांनी मुठीत धरला. इतरांच्या चाकूंचे धिंडवडे काढणारा हा माणूस एवढंसं तोंड करून बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

"दादाला कळता कामा नये, पोरी," ते म्हणाले. "तो येनार हाय बघायला. फोनवर सांगितलाय, माजा चाकू पयला ठेव."

"मग नेऊच नका तिथे."

"नाय नेला तर ईचारील."

"तर मग लिहिते, तपास चालू."

"तू हसलीस ना? तिथं धा मानसं वाकून बघतील. कोनीतरी हसंलच. आनि दादा बाजूला उभा आसंल."

काका ते कोरं कार्ड घेऊन खाली गेले.

रविवारी दादा रिक्षाने पालघरला आले. काठी टेकत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्याच खणात त्यांचा चाकू होता. त्याच्यापुढे ठेवलेल्या कार्डावर काकांचं गिचमिड अक्षर. दादा अक्षरावर बोट फिरवत वाचू लागले.

'बनवणारा: जगन्नाथ सावे, तारापूर. पातं: वर्कशॉपातल्या करवतीचं. जगात एकच.'

दादांनी ते दोनदा वाचलं. मग भावाकडे न बघता विचारलं, "कदी कळला तुला?"

"दिलास त्याच दिवशी. सातवीत इंग्रजी होता मला."

"आनि एवडी वरसं बोल्ला नायस?"

काका काचेवरची नसलेली धूळ पुसत राहिले. "पत्ता लागला असता, तर दर रविवारी तू फोन कशाला केला असतास?"

मी पलीकडच्या खणातले चाकू बघायला गेले. ते सगळे मला पाठ होते, तरी नीट बघितले. परत आले तेव्हा दोघे बाकावर शेजारी शेजारी बसले होते.

"बरोबर काय हाय मग?" दादा विचारत होते.

"ई."

"ई? बोलतात तर इंग्लंड."

"बोलतात इंग्लंड. लिवतात ई."

"ते का म्हनून?"

काकांनी डोकं खाजवलं. "ते मला नाय ठाव, दादा."

दादांनी काठी दोन्ही हातांनी जमिनीवर रोवली आणि उठता उठता म्हणाले, "मग बघून ठेव. रविवारी ईचारतो."