कागद बोलला पाहिजे

आमच्या शेजारच्या उत्तममामांच्या मोपेडवर मागच्या सीटला आग विझवायचं लाल सिलेंडर बांधलेलं असतं. ताडकळसच्या चौकात चहाला जायचं, अंतर फार तर पाच मिनिटांचं, पण सिलेंडर बरोबर. शिवाय मागून एक लोखंडी साखळी रस्त्यावर घासत येते. ती कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"करंट जमिनीत उतरला पायजे, सर."

मोपेडमध्ये कसला आलाय करंट, हे पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. त्या खणखणाटावरून गल्लीला कळतं, मामा आले.

तीस वर्षं मामांनी पेट्रोलचा टँकर चालवला. डेपोत भरायचा, गावोगावच्या पंपांवर रिकामा करायचा. सिलेंडर आणि साखळी ही त्या टँकरचीच सवय. असला जहाल माल नेणाऱ्या ड्रायव्हरांना अधूनमधून नियमांच्या वर्गाला बसावं लागतं. बाकीचे तिथे झोपा काढत आणि मामा पहिल्या बाकावर बसून सगळं वहीत उतरवून घेत. आता टँकर सुटून चार वर्षं झाली. नियम मात्र सुटले नाहीत.

मी इथल्या शाळेत बदलून आलो आणि मामांच्या शेजारी भाड्याने राहू लागलो. नवीन शेजारी आला की लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि त्यावरून पुढचं काय ते ओळखतात. मामांनी विचारलं, "गॅसची टाकी कुठं ठिवलीय?" मग माझ्या बायकोला डोळे मिटून रेग्युलेटर बंद करायला लावला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या खेपेला तिला पास केलं आणि मगच चहाचा कप हातात घेतला.

"आधी माल वळखा, मग हात लावा," हे त्यांचं पालुपद. म्हैस घ्यायची असो नाहीतर जावई बघायचा असो, सल्ला एकच.

एकदा मामा, मामी आणि आम्ही दोघं पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालो. परभणीहून एसटी सुटली आणि थोड्या वेळाने मामा नाक वर करून वास घेऊ लागले. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पायाशी पेट्रोलचा कॅन निघाला, फवारणीच्या पंपासाठी नेत होता. मामांनी गाडी थांबवली. "पाशिंजर आन हा माल एका गाडीत न्हाई. कायद्यात बसत न्हाई." कंडक्टर वैतागला, माणसं ओरडली, पण मामा दारात उभे. शेवटी तो बिचारा कॅन घेऊन उतरला. त्याच्या मागोमाग मामाही उतरले, कारण माल रस्त्यात एकटा सोडायचा नसतो, त्याच्याबरोबर जाणकार माणूस लागतो. दोघं उरलेली वाट उन्हातून चालत आले. पोहोचेपर्यंत त्यांची इतकी गट्टी जमली होती की त्या माणसाने मामांना शेतातली तुरीची गाठोडी बांधून दिली.

तोवर आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो होतो. मामी म्हणजे कलावतीमामी, हसऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मला बी कदी टँकरात बसू दिलं न्हाई त्यांनी. पाशिंजर चालत न्हाई म्हनायचे. भरला टँकर वस्तीत थांबवायचे बी न्हाईत. मी आपली सडकंला उभी ऱ्हायची. हे दोनदा हारन वाजवून फुडं जायचे." मग पदराने चेहरा पुसत म्हणाल्या, "वरून रस्ता कसा दिसतो, येवढंच बगायचं व्हतं मला."

मोपेड आली तरी मामींची सोय झाली नाही. मागच्या सीटवर सिलेंडर होतं ना.

मामांचा सगळ्यात मोठा छंद कार्डांचा. प्रत्येक टँकरच्या केबिनमध्ये एक कार्ड ठेवावं लागतं. आत माल कोणता, धोका काय, सांडला तर काय करावं, काय करू नये, फोन कुणाला लावावा, सगळं त्यावर लिहिलेलं. मामा सांगत, "डायवर बेशुद पडला तरी कागद बोलला पायजे." या श्रद्धेपोटी त्यांनी घरभर कार्डं चिकटवली होती. लोणच्याच्या बरणीवर होतं, कूलरवर होतं. आमच्या घरमालकाच्या कुत्र्याच्या पट्ट्यालासुद्धा प्लास्टिकमध्ये घालून एक अडकवलं होतं: "माल: कुत्रा. धोका: मागून. करावे: जागेवर उभे राहावे. करू नये: पळू नये." माझ्या बायकोला वाटे, एखाद्या दिवशी मामा माझ्या कपाळावरही एक चिकटवतील.

म्हणून एकदा चहा पिता पिता मी सहज गंमत केली, "मामा, सगळ्यांची कार्डं झाली, मामींचं कधी काढताय?"

मामा हसले नाहीत. कप खाली ठेवून उठून आत गेले.

मला जीभ चावावीशी वाटली. कारण त्या वर्षभरात मामी विसरायला लागल्या होत्या. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं. मग मला त्यांच्या भावाच्या नावाने हाक मारू लागल्या. मग भर दुपारी सडकेला जाऊन उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, "टँकर आला का?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढतच जाणार. मामांना एकच फिकीर होती. कधीतरी मामी लांब जातील, नाव-गाव सांगता येणार नाही आणि परक्या माणसांत घाबरून जातील.

आणि बाजाराच्या दिवशी तेच झालं. मी शाळेत होतो. मधल्या सुट्टीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर का? मी बांगड्यावाली बोलायलेय, बाजारातून. मामी माज्यापाशी हायत. सावलीत बसवलंय. पयला नंबर लावला, तो बंद यायलाय."

तो बंद का, हे मला लगेच कळलं. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हा मामांचा तीस वर्षांचा नियम. मामींना शोधायला ते मोपेडवर गावभर फिरत होते आणि खिशातला फोन नियमाप्रमाणे बंद होता! मी धावत बाजारात गेलो.

मामी बांगड्यांच्या पालाखाली शांत बसल्या होत्या. हातात चहाचा कप होता. बांगड्यावालीने माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. "पदराला आतून शिवलेलं व्हतं. ह्याच्यावर लिवलं तसंच केलं, सर."

अक्षर मामांचं होतं.

"माल: कलावती. धोका: कोणालाही नाही. तिलाच गर्दीची भीती वाटते. करावे: सावलीत बसवावे. चहा द्यावा, साखर जास्त. टँकर येतोय असे सांगावे, म्हणजे ती थांबते. करू नये: ओरडू नये. आठवत नाही का, असे विचारू नये. एकटे सोडू नये. फोन: पहिला नंबर ड्रायव्हरचा. गाडी चालवत असल्यास बंद असेल. मग शेजारच्या सरांना लावावा, ते येतात."

शेवटचे दोन शब्द मी पुन्हा वाचले. हा माणूस मला न विचारता माझी खात्री देऊन मोकळा झाला होता.

इतक्यात साखळीचा आवाज आला. मामा घामाघूम झाले होते. मामींना पाहून ते मोपेडवरच बसून राहिले, उतरायचं भान त्यांना राहिलं नाही.

मामींनी वर बघितलं. "टँकर आला का?"

"आला की," मामा म्हणाले.

"मला बसू देता का?"

मामा उतरले. गाडी स्टँडला लावली. मागच्या सीटच्या दोरीच्या गाठी एकेक करून सोडल्या आणि ते लाल सिलेंडर काढून माझ्या हातात दिलं. "जरा धरा, सर," एवढंच म्हणाले. मग मामींचा हात धरून त्यांना सीटवर बसवलं, पदर चाकात जाणार नाही असा खोचून दिला आणि निघताना दोनदा हॉर्न वाजवला.

मी ते सिलेंडर खांद्यावर घेऊन भर बाजारातून चालत घरी आलो.