काशिनाथभाऊ सही करत नाहीत

समोर कागद आला की काशिनाथभाऊ दोन्ही हातांचे अंगठे मुठीत लपवायचे. कागद कसलाही असो. लग्नाची पत्रिका असली तरी आधी मुठी वळायच्या, मग "कोणाचं लगीन?" असा प्रश्न यायचा, आणि पत्रिका घ्यायला त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, हातातलं काम टाकून पुढे यावं लागायचं.

गावाचं नाव सांगत नाही. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना लागतं, एवढं पुरे. मी अजून नोकरीत आहे आणि स्वभावाने भित्री आहे. तोंडाने नाही हं, तोंड माझं उल्हासनगरचं आहे. पण पोटातून भित्री. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा मी तिथे ग्रामसेविका म्हणून रुजू झाले. ग्रामसेविका म्हणजे काय, तर दाखले लिहायचे, पाणी का आलं नाही ते सांगायचं, सूचना फलकावर डकवायच्या, आणि वरून साहेबांच्या व खालून गावाच्या शिव्या खायच्या.

पहिल्याच दिवशी हे गृहस्थ मला ग्रामपंचायतीच्या पायरीवर दिसले. धोतर नाही, पांढरा लेंगा, डोक्याला टोपी, साठीच्या आसपासचं वय. मी म्हटलं, "आत या ना भाऊ, बसा." तर ते म्हणाले, "नको मॅडम. आत आलं की तुम्ही सही मागणार."

"नाही मागत."

"आज नाय मागनार. उद्या मागाल."

असा त्यांचा हिशेब. ग्रामसभा असो, आरोग्य शिबिर असो, भाऊ पायरीवर. उंबरठ्याच्या आत कधी पाऊल नाही. आतलं सगळं ऐकायचं आणि संध्याकाळी पारावर जाऊन शब्दन् शब्द सांगायचा. गावातली निम्मी माणसं ग्रामसभेला येतच नव्हती. म्हणायची, भाऊ सांगतीलच की.

मला हा माणूस काही केल्या समजेना, कारण आमच्या घरात सहीला केवढा मान! माझे आजोबा साठीत सही करायला शिकले. विहारात सगळ्यांसमोर फळ्यावर करून दाखवली, आणि घरी आल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून कॅलेंडरवर केली, पिठाच्या डब्यावर केली, शेवटी उशीच्या अभ्र्यावर केली तेव्हा आजीने लाटणं उचललं. शेजारचा सिंधी दुकानदार त्यांना मुद्दाम कोरी पावती द्यायचा, "दादा, साइन मारो," आणि आजोबा छाती फुगवून मारायचे. अशा घरातली मी. मला वाटलं, बिचारे भाऊ निरक्षर असतील, लाजत असतील. म्हणून एकदा गोड आवाजात म्हटलं, "भाऊ, प्रौढ शिक्षणाचा वर्ग काढू या का?"

मी फलकावर लसीकरणाची सूचना डकवून वळले, तर मागून आवाज आला, "मॅडम, तुम्ही लिवलेल्या तारखेला रविवार येतो. नर्सबाई रविवारी यायची नाय."

म्हणजे हे वाचत होते! नुसतं वाचत नव्हते, सगळ्यात खालची ओळ आधी वाचायचे. सूचना लागली की भाऊ चष्मा पुसून फलकापाशी जायचे, हात मागे बांधायचे, मुठी घट्ट, आणि खालून वर जायचे. कोणी वाचायला आलं की सांगायचे, "खालून वाचा. वर गोड लिवलेलं असतं."

इथपर्यंत गंमत होती. पुढे माझ्या नोकरीवर यायला लागलं. पोलिओच्या रविवारी डोस पाजल्यावर बाळाच्या करंगळीला शाई लावतात, माहीत आहे ना? भाऊंनी नातवाला डोस घेऊ दिला आणि शाईची पाळी आली तशी पोराचं बोट स्वतःच्या मुठीत धरलं. "थेंब पाजा, पायजे तेवढे पाजा. शाई नको." बरं, शाई नाही म्हणून दुपारच्या पथकाने त्या पोराला पुन्हा पाजले. ऐकणार कोण? आरोग्य शिबिरात म्हणाले, "रगत दंडातून काढा, बोटाला हात लावायचा नाय." मतदानाला उभ्या जन्मात गेले नाहीत. रेशनचं रॉकेल सुमनकाकूंच्या सहीवर यायचं. काकू एकदा मला म्हणाल्या, "बाई, माझी सही एवढी झालीय, की बँकवाला मला ओळखतो आन् यांना इचारतो, तुम्ही कोन?"

मग आली संडासांची योजना. सरकार अनुदान देणार, घरोघर संडास बांधायचे, अर्जावर फक्त एक सही. भाऊंनी पारावर जाऊन शांतपणे एवढंच विचारलं, "संडास सरकारचा. मग त्याच्याखालची जागा कोनाची?" झालं! दुसऱ्या दिवशी अर्जांचा गठ्ठा जसाच्या तसा परत. आठवड्याने अंबरनाथला बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि विचारलं, तुमच्या गावातले लोक जात नाहीत का? सगळे फिदीफिदी हसले. मी परत आले ती भाऊंवर फुटलेच.

"तुमच्या भीतीपायी बायका अजून अंधारात ओढ्याला जातात. साप चावला एखादीला तर? तेव्हा कोण सही करणार?"

भाऊंनी मान खाली घातली. "खरं हाय मॅडम. पन जागा गेली तर परत येत नाय."

"कोणाची गेली जागा? सांगा ना! उगाच आपलं ताकसुद्धा फुंकून!"

ते उठले आणि चालू लागले. त्या वेळी मला वाटलं, जिंकले मी. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक पत्र आलं. एकच पान. कुठल्या शहराचं, कोणत्या कचेरीचं, ते सोडा. मतलब असा, की शहरातला कचरा टाकायला आमच्या गावच्या गुरचरणाची जागा घ्यायचं चाललं होतं. गुरचरण म्हणजे टेकडीच्या पायथ्याची गावाची गुरं चारायची मोकळी जमीन. तिच्या उताराला गावाची विहीर. मी पत्र दोनदा वाचलं. अशा कचऱ्याशेजारी माझं लहानपण गेलंय. तो धूर, त्या माश्या, आणि पावसाळ्यात नळातून येणारं ते पिवळं पाणी. माझा धाकटा भाऊ त्यातच काविळीने गेला होता. सूचना मी फलकावर डकवली.

काशिनाथभाऊ नेहमीसारखे आले. हात मागे, मुठी घट्ट. खालची ओळ आधी वाचली आणि तिथेच अडकले. मला हाक मारली.

"मॅडम, हे काय लिवलंय?"

मी वाचलं, "मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल."

"म्हंजे?"

"म्हणजे गाव गप्प बसलं, तर गावाने हो म्हटलं असं धरणार."

"कोनी सही नाय केली तरी?"

"तरी."

"अंगठा नाय दिला तरी?"

"तरी, भाऊ."

भाऊंचे पाठीमागचे हात सुटले, मुठी उघडल्या. आयुष्यभर अंगठे लपवून बसलेल्या माणसाला कागदाने न विचारताच गाठलं होतं. ते पायरीवर बसले, मग उठून घरी गेले. तीन दिवस पायरी रिकामी. सुमनकाकू सांगत होत्या, जेवत नाहीत, झोपेत दचकतात, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. खरं सांगते, रिकामी पायरी बघून मला जास्त भीती वाटली.

हरकत घ्यायची तर ग्रामसभेचा ठराव हवा. ग्रामसभेला शंभर जणांच्या सह्या हव्यात, नाहीतर सभा तहकूब. आणि तहकूब करून चालणार नव्हतं, कारण मुदत सभेच्या दुसऱ्याच दिवशी संपत होती. सरपंचबाई घरोघर फिरल्या, मी फिरले. पण दिवस कामाचा. निम्मं गाव अंबरनाथच्या कारखान्यांत, उरलेली पोरं उल्हासनगरला जीन्स शिवायला. दुपारी तीनपर्यंत कशाबशा अठ्ठ्याण्णव सह्या झाल्या. अठ्ठ्याण्णव!

खरं तर खोलीत माणसं नव्व्याण्णव होती. कोपऱ्यात खुर्चीवर थमाकाकी बसली होती, गावातली सगळ्यात म्हातारी. तिला नातसुनेने धरून आणलं होतं. नोंदवही तिच्यापुढे गेली तेव्हा तिने मूठ मिटून छातीशी घेतली. "मी बसते नुसती. अंगठा नाय द्यायची." आम्ही हातापाया पडलो. ढिम्म हलली नाही.

आणि बाहेर पायरीवर काशिनाथभाऊ. आले होते, पण बाहेरच.

माझा तोल गेला. मी दारात जाऊन ओरडले, "भाऊ, दोन सह्या कमी आहेत! उद्यापासून या पायरीवर बसून कचऱ्याच्या गाड्या मोजा!"

ते उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. चपला काढल्या. आणि उंबरठा ओलांडून आत आले.

"वाचा," ते मला म्हणाले. "खालून."

मी ठराव खालून वाचला. मग त्यांनी तो वरून वाचायला लावला. मग म्हणाले, "'कायमस्वरूपी' म्हंजे किती वर्सं?" "'तीव्र विरोध' म्हंजे नुसता विरोध का नाय लिवला?" प्रत्येक शब्दाला अडवत होते. मागून कोणीतरी वैतागून बोललं, "ओ भाऊ, चार वाजले! सही करा नायतर बसा!"

तेव्हा ते गावाकडे वळले.

"मी सातवी पास झालो, त्या सालची गोष्ट हाय," ते म्हणाले. "कारखान्यासाठी जमीन पायजे व्हती. साहेब कागद घेऊन आला. गावात वाचता येनारा मी एकटा. साहेब बोलला, वाचून दाखव लोकांना. मी खुर्चीवर उभा राहून वाचलं. लोक टाळ्या वाजवत व्हते. माझा बाप रडला, पोरगा वाचतो म्हनून. मग खाली बारीक अक्षर लागलं. साहेब बोलला, ते तसंच असतं, सोड. मी सोडलं. आन् अंगठे मी धरले. बापाचा धरला. काकांचा धरला. एकेकाचा धरून शाईत बुडवला आन् दाबला. ह्या थमाकाकीचा बी. तिचा भात व्हता तिथं, सोन्यासारखा. दुसऱ्या सालात कुंपन पडलं."

मला मान वर करवेना. कोणाची गेली जागा, असं मीच विचारलं होतं ना त्यांना, फणकाऱ्याने? आता त्याचं उत्तर सगळ्या गावादेखत मिळत होतं.

भाऊंनी पेन घेतलं. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. सातवीतल्या पोराचं गोल, टपोरं अक्षर. इतक्या वर्षांत ते जराही म्हातारं झालं नव्हतं. नव्व्याण्णव.

एक कमी. सरपंचबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे.

"काश्या," कोपऱ्यातून थमाकाकीने हाक मारली. "हिकडं ये."

भाऊ गेले. मार खायला जावं तसे गेले, आणि तिच्या खुर्चीपुढे जमिनीवर उकिडवे बसले.

"समदं वाचलंस?"

"हाव काकी."

"खालचं बी?"

"खालचं बी. दोनदा."

म्हातारीने छातीशी धरलेली मूठ खाली घेतली आणि उघडली. मी शाईचा पॅड आणि वही घेऊन धावले, तिचा अंगठा धरायला हात पुढे केला, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

"तू नको गं. ह्यो धरील."

भाऊंचे हात वर येईनात. ते तिच्या अंगठ्याकडे नुसते बघत राहिले, आणि डोळ्यांतलं पाणी लेंग्यावर टपटपत राहिलं. थमाकाकी पुढे वाकली.

"भिऊ नको रे," ती म्हणाली. "मी बी भ्यालेय. धर."

आणि भाऊंनी धरला.