अडतिसावं घर

परुळेकर बाईंनी तुम्हाला काहीही सांगितलं, की ते त्यांना परत म्हणून दाखवावं लागतं. हा नियम फक्त वर्गातल्या मुलांना नाही, सगळ्या जगाला आहे. रिक्षावाल्याला "पुढे औषधांचं दुकान आहे, त्याच्या अलीकडे थांबवा" असं सांगून झालं, की बाई पुढे वाकून विचारतात, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?" एका रिक्षावाल्याने म्हणे त्यांना अर्ध्या वाटेत उतरवलं. बाईंच्या मते त्याचं वर्गात लक्ष नव्हतं.

घाटकोपरला आमच्या डोंगराच्या पायथ्याशी मराठी शाळा आहे, तिथे बाई सातवीच्या वर्गशिक्षिका. मूळच्या मालवणकडच्या, राहायला कांदिवलीला. मी सातवीत होते तेव्हा त्यांनीच मला शिकवलं. कोरोनात शाळा बंद होती त्या काळात माझी धाकटी बहीण तन्वी सातवीत गेली. पप्पा वॉचमन, आई खानावळीत पोळ्या करते. घरात स्मार्टफोन एकच, तो माझा, कॉलेजसाठी घेतलेला. त्यामुळे शाळेत तन्वीच्या नावापुढे माझा नंबर लागला आणि एकोणिसाव्या वर्षी मी पालक झाले.

पहिला फोन आला तेव्हा मी आपली ओळख द्यायला गेले.

"तन्वीचे पालक बोलताय का?"

"बाई, मी प्रतीक्षा. तुमच्याच वर्गात होते."

"प्रतीक्षा कॉलेजात असते. या नंबरवर पालक असतात. तर पालक, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

त्या दिवसांत सूचनांचा नुसता पाऊस होता. शाळा सुरू होणार, मग नाही होणार, मग झाली, मग पुन्हा बंद, मग पुन्हा होणार. प्रत्येक वेळी नवं पत्रक. बाकीचे शिक्षक ते ग्रुपवर टाकून मोकळे व्हायचे. बाईसुद्धा टाकायच्या, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "ग्रुपवर टाकलं म्हणजे टाकलं. पोचलं कुठे?" असं म्हणून त्या संध्याकाळी सहापासून वर्गातल्या अडतीस घरांना एकेक करून फोन करायच्या. आमच्या बाजूने कुकर, टीव्ही, शेजाऱ्यांची भांडणं असं सगळं त्यांना ऐकू जायचं. त्यांच्या बाजूने मला फक्त पंखा ऐकू यायचा.

एकदा मी बाहेर गेले होते आणि फोन घरीच राहिला होता. बाईंनी आईला गाठलं. मास्क, पाण्याची स्वतंत्र बाटली, हात धुणे, अंतर ठेवून बसणे, डबा वाटून खायचा नाही, अशा पाच सूचना दिल्या आणि विचारलं, आता तुम्ही सांगा. आईची शाळा चौथीत सुटलेली. पिठाच्या हातांनी फोन धरून तिने चार बरोबर सांगितल्या आणि शेवटी म्हणाली, डबा सगळ्यांनी मिळून वाटून खायचा. बिचारीला आयुष्यभर हेच शिकवलेलं. बाई म्हणाल्या, "तन्वीच्या आई, ऐंशी टक्के." मी घरी आले तेव्हा आई डोक्याला हात लावून बसलेली. मला वाटलं, कोणी गेलं की काय. पुढच्या आठवड्यात तिने माझ्याकडून पत्रक दोनदा वाचून घेतलं, बाईंचा फोन आल्यावर उभं राहून सगळं म्हटलं आणि पैकीच्या पैकी मिळवले. ही बातमी शेजारच्या तीन घरांत तिने स्वतः जाऊन सांगितली.

बाईंकडे एक दोनशे पानी वही होती. ज्या घराने सूचना परत म्हणून दाखवली, त्याच्यापुढे बरोबरची खूण. शेवटच्या वेळी, जेव्हा शाळा खरंच उघडणार असं ठरलं, तेव्हा सदतीस खुणा झाल्या. एक घर राहिलं. रोहिणीचं.

रोहिणी आमच्याच डोंगरावरची. तिच्या वडिलांचं हॉटेलातलं काम सुटलं, भाड्याची खोली सोडून ते लोक कुठेतरी गेले आणि नंबर बंद झाला. मुख्याध्यापकांनी बाईंना सांगितलं की शनिवारपर्यंत पालकांची सही असलेलं संमतीपत्र नाही आलं, तर तिच्यापुढे 'संपर्क नाही' लिहा आणि यादी द्या. यादी वर गेली की पटावरून नाव कमी. बाईंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या चिडल्या होत्या, कारण त्यांचं मालवणी सुरू झालं होतं. "संपर्क नाय म्हणजे मी कमी पडलंय. तेच्यात त्या चेडवाचा नाव कित्याक कापूचा? माका सांगा."

म्हणजे कमी त्या पडल्या, तर त्या पोरीचं नाव का कापायचं?

मुदतीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, बाई स्वतः डोंगर चढल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दर वीस पायऱ्यांवर त्या बसायच्या आणि बसल्या जागी जो दिसेल त्याला सूचना द्यायच्या. रोहिणीच्या घरचं कोणी भेटलं तर सांगा: सोमवारी शाळा उघडते, संमतीपत्र हवं, मास्क, बाटली, वेगळा डबा. मग प्रत्येकाकडून वदवून घ्यायच्या. इस्त्रीवाल्याने म्हणून दाखवलं. कॅरम खेळणाऱ्या पोरांनी कोरसमध्ये म्हटलं. संध्याकाळपर्यंत ज्यांना मुलंच नाहीत अशी माणसंसुद्धा पाण्याच्या टाकीपाशी एकमेकांना विचारत होती, "काय रे, वेगळा डबा घेतलास ना?" आम्ही हसलो खरं, पण त्यातूनच पत्ता लागला. टाकीजवळच्या एका मावशीला बोलण्याबोलण्यात आठवलं की रोहिणीच्या आईचं माहेर ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात आहे.

"पालक, उद्या वेळ आहे का?" बाईंनी विचारलं. बाईंना नाही म्हणायला मी सातवीत शिकले नव्हते, पुढेही नाही.

ट्रॉम्ब्याला रोहिणी लगेच सापडली. उन्हात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकत घातला होता आणि ती आईबरोबर त्यातला कचरा निवडत बसली होती. बाईंना बघून ती उठली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. आईने आधी पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "हिचे बाबा मामाबरोबर होडीवर जातात आता. ही माझ्या हाताखाली येते. शाळा लांब पडते, बाई."

मला वाटलं, आता बाई शिक्षणाचं महत्त्व सांगणार. बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि म्हणाल्या, "मी फक्त सूचना द्यायला आले. ऐकून घ्या, मग तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी वाचलं. जवळ्याच्या वासात, मांजरांच्या गराड्यात, वर्गात वाचतात तसं स्पष्ट. एका बाकावर एकच मूल बसणार, म्हणून निम्मा वर्ग एका दिवशी आणि निम्मा दुसऱ्या. विषम नंबर सोमवार, बुधवार, शुक्रवार. सम नंबर मंगळवार, गुरुवार, शनिवार. वही बघून म्हणाल्या, "रोहिणीचा दिवस मंगळवार." आणि मग तो प्रश्न विचारलाच.

रोहिणीच्या आईने पदराला हात पुसले. एकेक सूचना बोटावर मोजत तिने सगळं म्हटलं. एक शब्द चुकला नाही. रोहिणी मागून तिच्याकडे बघतच राहिली. बाई म्हणाल्या, "शंभर टक्के." मग आईने संमतीपत्र मांडीवर घेतलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. पाठवते असं काही ती म्हणाली नाही. आपल्या भावाचा नंबर तेवढा दिला.

सोमवारी शाळा उघडली. बाई साडेसहालाच फाटकात उभ्या होत्या, असं शेजारच्या मुलीने सांगितलं. विषम नंबरची मुलं आली. हजेरी घेताना बाई तेविसाव्या नंबरावर थांबल्या. पटावर रोहिणीचा नंबर तेवीस होता. रोहिणी नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "कागद आणलात, पण मुलगी नाही ना आली." भावाचा नंबर लागला नाही. संध्याकाळी बाईंचा मला फोन आला. सूचना सांगून झाल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला. मी काय ऐकलं, ते विचारलंच नाही. आई म्हणाली, "बाई आजारी आहेत का गं?"

मंगळवारी मी तन्वीला सोडायला गेले. तिचा नंबर चौदा. फाटकापाशी गर्दी थांबली होती, कारण पुढे कोणीतरी अडलं होतं. बघितलं तर रोहिणी आणि तिची आई. गणवेश आखूड झालेला, पण मास्क, बाटली, वेगळा डबा, सगळं होतं. मुख्याध्यापक यादी दाखवत होते: तेवीस विषम आहे, आज सम मुलांचा दिवस, उद्या या.

"बाईंनी मंगळवार सांगितलाय," रोहिणीची आई म्हणत होती. "मी त्यांना म्हणून दाखवलाय. मला उद्या नाय जमणार, सर. उद्या नाय, परवा नाय. आज आणली ती आणली."

बाई आतून आल्या. त्यांनी वही उघडली, पट उघडला, दोन्हीकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं. पटावर रोहिणी तेवीस. पण बाईंच्या वहीत, रोज राहून राहून, ती सगळ्यांच्या खाली, अडतिसाव्या ओळीवर गेली होती. कित्येक दिवस बाई तिला अडतिसावं घर म्हणूनच शोधत होत्या. अडतीस सम. ट्रॉम्ब्याला त्यांनी वही बघूनच दिवस सांगितला होता.

"सर, त्यांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "चुकीचं मी सांगितलं."

सर म्हणाले, असेल, पण बाक एकोणीस आहेत आणि आजची मुलं एकोणीस. एका बाकावर दोघं बसवली आणि वरून कोणी बघायला आलं तर? बाई म्हणाल्या, "दोघं नाही बसवणार." आणि रोहिणीचा हात धरून आत गेल्या. तिची आई मासळी विकायला बाजाराकडे धावत निघाली.

बाईंनी काय केलं ते तन्वीने मला शाळा सुटल्यावर सांगितलं. रोहिणीला त्यांनी आपल्या खुर्चीवर बसवलं, आपल्या टेबलापाशी. पहिल्या तासापासून सुटेपर्यंत स्वतः उभ्या राहिल्या. एका मुलाने विचारलं, तर म्हणाल्या, "मला बसून शिकवता येत नाही."

आम्ही बोलत बस थांब्यापाशी आलो, तर बाई तिथेच होत्या. रोहिणीला त्यांनी ट्रॉम्ब्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसवलं, बस सुटेपर्यंत हात हलवला आणि मग थांब्याच्या बाकड्यावर बसून चपला काढल्या. पाय सुजले होते. फोन लावला. मामाचा फोन आज रोहिणीच्या आईजवळ होता बहुतेक, लगेच लागला.

"रोहिणीच्या आई, बस आत्ता सुटली. खिडकीची जागा मिळाली तिला." मग बाई बोलतच राहिल्या. सूचना कधी पाचच्या पुढे न नेणाऱ्या बाई. ती कुठे बसली, गणित कसं पटकन सोडवलं, मास्कमधून हसली तरी कसं कळतं, गणवेशाचं मी बघते, बुधवारी नाही जमलं तरी शुक्रवारी चालेल, मी जागा धरते. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मी ना?" त्या म्हणाल्या. "नाही हो. अजून नाही जेवले."

पुन्हा थोडं ऐकून, "होय, होय, डबा आहे. खाते आता."

फोन ठेवून त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि मांडीवर उघडला. आम्हाला बस पकडायची नव्हती. आमचं घर समोरच्या डोंगरावर. तरी मी तन्वीला खूण केली आणि आम्ही दोघी बाकड्यावर बाईंच्या शेजारी जाऊन बसलो.