दातात धरलेली काडी

अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा नाही. घालायचीच वेळ आली, तर कपडा जिच्या अंगावर आहे तिने दातात काडी धरायची आणि शिवून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम मला सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आला. मी विचारलं, "का?"

सासूबाई म्हणाल्या, "असल्या गोष्टींना का विचारायचं नसतं."

(मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स. आमच्या अख्ख्या शिक्षणात 'का' हाच एक कामाचा शब्द होता. तो या घराने आल्या आल्या जमा करून घेतला.)

तर या उन्हाळ्यात मी ठरवलं, की स्वतःचा एक ड्रेस स्वतःच शिवायचा. ठरवलं एवढंच. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

कारण सांगते. रत्नागिरीत एप्रिलपासून माणूस सकाळी अंघोळ करतो तो घामाला जागा करून द्यायला. अशा दिवसांत आमच्या घरात सुनेने गाऊन घातला तर चालतो, पण त्यावर ओढणी हवी. म्हणजे उकडू नये म्हणून घातलेल्या कपड्यावर उकडावं म्हणून घातलेला कपडा. त्यात ऋत्विक, वय दीड, हा त्या ओढणीला धरूनच उभा राहायला शिकलेला. आणि राही, वय साडेचार, तिला ओढणी म्हणजे घोड्याचा लगाम वाटतो. घोडा कोण, ते सांगायला नको.

पण खरं कारण वेगळं होतं. खरं कारण निलेश.

निलेश म्हणजे माझा नवरा. तो बोटीवर असतो. वर्षातले बरेच महिने तो माझ्यासाठी फोनएवढाच असतो. मग सुटी मिळते, तो घरी येतो, आणि त्याची सुटी सगळ्यांची होते. माझे सासरे एस.टी.त कंट्रोलर होते. रिटायर झाले, पण वेळापत्रक लावायची हौस काही रिटायर झाली नाही. मागच्या खेपेला त्यांनी निलेशला आधी वेळणेश्वरला अभिषेकाला पाठवलं, मग मुरुडला आत्याकडे, मग कौलं परतायला वर चढवलं, मग आंब्याच्या पेट्या घेऊन पुण्याला. माझ्या वाट्याला तो आला, तेव्हा त्याची बॅग भरायची वेळ झाली होती.

म्हणून या वेळी मी फोनवरच सांगून ठेवलं होतं. "पहिली संध्याकाळ माझी. मांडवीला, समुद्रावर जायचं. तू, मी आणि पोरं. बाकी सुटी कोणाला हवी त्याला वाट."

"नक्की," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. प्रॉमिस." आणि तेवढ्यात रेंज गेली. पडद्यावर त्याचं तोंड अर्धवट हसत थांबलं. मी बराच वेळ ते थांबलेलं तोंड बघत बसले. (तो बोलायला मिळतो त्यापेक्षा मला तो असा थांबलेलाच जास्त वेळ मिळतो.)

कॉलेजात असताना मी रोज संध्याकाळी मांडवीला जायची. मैत्रिणी, भेळ, आणि पाण्याकडे तोंड करून मोठमोठ्या गप्पा. आता तोच समुद्र आमच्या गच्चीवरून दिसतो. कपडे वाळत घालताना दिसतो. म्हणजे समुद्राकडे बघताना माझ्या दोन्ही हातांत ओली लंगोटं असतात. मला एकदा तरी रिकाम्या हातांनी तिथे उभं राहायचं होतं. निलेश शेजारी, पोरं वाळूत, अंगावर हलका सुती ड्रेस, वाऱ्याने घेर फुगलेला. हे चित्र मनात इतकं पक्कं झालं होतं, की त्यातला निलेश माझ्या हातात नव्हता म्हणून मी निदान ड्रेसला हात घातला.

कापड आईंनी दिलं. आई म्हणजे सासूबाई, सगुणाबाई. आमच्या लग्नात त्यांना आणि त्यांच्या नणंदेला, म्हणजे गोदाआत्यांना, मानाच्या म्हणून अगदी एकसारख्या साड्या आल्या. फिकट निळ्या, त्यावर बारीक पांढरी पानं. नणंदेसारखीच साडी म्हटल्यावर आईंनी तिची घडीसुद्धा मोडली नाही. "घे, काप," त्या मला म्हणाल्या. इतक्या आनंदाने त्यांनी मला आजवर काही दिलेलं नाही.

यूट्यूबवर एक बाई 'दहा मिनिटांत समर ड्रेस' शिकवते. त्या बाईला मुलं नसावीत. मी पाडव्याला कापायला घेतला. खुणा करायचा खडू ऋत्विकने खाल्ला. मी आईंचं मशिन चालवायला बसले, की तो पायट्यावर येऊन बसायचा. मग मशिन तो थांबेल तिथे थांबायचं. दुपारी दोघं झोपली, की मी पाय न वाजवता उठायची, मशिनपर्यंत पोचायची, सुईत दोरा ओवायची, आणि त्याच क्षणी आतून हाक यायची, "आई, शी!"

एका दुपारी मी जरा डोळा मिटला आणि राहीने दोन्ही बाह्या कापून बाहुलीला साडी आणि शालू केला. त्यामुळे ड्रेस स्लीव्हलेस झाला. (सासरच्यांना वाटतं, मी बंड केलं. बंड बाहुलीने केलं.) पाठीला चेन लावली ती उलटी लागली. उसवून परत लावली, ती आतल्या बाजूने लागली. शेवटी वैतागून मी चेन काढून टाकली आणि पाठ सरळ शिवून बंद केली.

निलेश यायच्या दिवशी दुपारी ड्रेस पुरा झाला. मी तो डोक्यातून घातला. दोन ठिकाणी अडकला, पण गेला. मी आरशात बघितलं. वाईट दिसत नव्हते. खरं सांगते, बरीच वर्षं भेटली नव्हती अशी कोणीतरी समोर उभी होती.

तेवढ्यात ऋत्विक तुळशीवृंदावनावर चढला. मी धावले, वाकले, त्याला उचललं, आणि टर्र! डावी शिवण कमरेपासून गुडघ्यापर्यंत उसवली.

मी ड्रेस काढायला गेले. तेव्हा कळलं, की याला आत जायचा रस्ता आहे, बाहेर यायचा नाही. मी दोन्ही हात वर करून त्या निळ्या अंधारात अडकले.

"आई," राहीचा आवाज आला, "तुझं डोकं कुठे गेलं?"

(ते मी लग्नापासून शोधते आहे.)

राहीने ओरडून सगळ्यांना बोलावलं. गोदाआत्या भाच्याला भेटायला मुरुडहून सकाळीच आल्या होत्या. अंगावर त्यांची तशीच निळी साडी. (मला खिजवायला नेसून आली, असं आईंचं म्हणणं.) त्यांनी ड्रेस खाली ओढून माझं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "उसवू नको गो, वेळ कुठाय? रिक्षा येईल आता. बस माझ्याशेजारी, अंगावरच घालते टाका. वहिनी, काडी द्या हिला."

"आत्या, मी काडीबिडी..."

"नियम म्हणजे नियम," आई म्हणाल्या आणि नव्या केरसुणीतला एक हीर मोडून त्यांनी माझ्या दातांत दिला.

मी ओटीवर बाकावर आत्यांना चिकटून बसले. समोर झोपाळ्यावर बाबा, म्हणजे सासरे. आणि मी तोंड उघडू शकत नाही हे बघताच त्यांनी घसा साफ केला.

"तर निलेशचं असं आहे. उद्या पहाटे वेळणेश्वर."

"ऊं!" मी म्हटलं.

"हिलाही पटतंय. परवा बागेतलं कुंपण."

"मग मुरुडला पाठवा हो दादा," आत्या टाका घालत म्हणाल्या. "आमचा पंप बिघडलाय."

"आणि आज संध्याकाळी?" आईंनी विचारलं.

"आज महिपतराव यायचेत जेवायला. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीचं बोलायचंय, निलेश हवाच."

"ऊंऊं!"

"हालू नको गो बाय," आत्या म्हणाल्या. "चष्मा मुरुडलाच राहिला. आधीच कापड काय जाड लागतंय! वहिनी, साडी खरंच चांगली होती हो."

"मग," आई म्हणाल्या, "म्हणून तर दिली."

हा नियम का केला असेल, ते मला त्या बाकावर कळलं. बाईला गप्प बसवून तिच्यासमोर तिचं आयुष्य वाटून घ्यायचं असेल, तर काडीएवढं स्वस्त साधन नाही.

फाटकाशी रिक्षा वाजली. पोरं धावली. निलेश आला. काळवंडलेला, दाढी वाढलेली, एका खांद्यावर बॅग आणि दुसऱ्यावर लगेच राही. ऋत्विकने त्याला ओळखलं नाही; तो बापाकडे बघून रडला आणि मग बापाच्या बुटांशी खेळत बसला. निलेश मला बघून हसला. फोनमधलं अर्धवट थांबलेलं हसू आता पुरं झालं. मी काडीसकट हसले.

"थांब, गाठ मारते," आत्या म्हणाल्या. बाबांनी निलेशला पाणी प्यायच्या आधी वेळापत्रक ऐकवलं. आत्यांनी दोरा दाताने तोडला. मी काडी काढली.

"आज मांडवी," मी म्हटलं. "ठरलंय आमचं."

निलेशने बूट काढले, पाय पसरले, डोळे मिटले. "सानू... समुद्र? परत? इतके महिने मी दुसरं काय बघितलं गो?"

ओटीवर जो काही हशा झाला! बाबांनी झोपाळ्याच्या कडीला धरून हसून घेतलं. "घे! आता तोच नको म्हणतोय."

"सरबत आणते मी," आई म्हणाल्या. "तू जा सानिका, त्या ड्रेसवर ओढणी तरी घे."

मला रडू येईल असं वाटलं. त्याचं चुकलं नव्हतं. मी ज्या समुद्रासाठी झुरत होते, त्याचाच निलेशला वीट आला होता. पण मग त्याच्या उन्हाने सोललेल्या नाकाकडे बघताना वाटलं, मी समुद्रासाठी कुठे झुरत होते?

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ओढणी घेणार नाही. महिपतराव एकटे जेवतील. कुंपण पडलं तर पडू दे, आणि पंपाला मेकॅनिक असतो. हा माणूस मला वर्षभर मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा तुम्ही त्याच्या फेऱ्या लावता. आजची संध्याकाळ माझी आहे. निलेश, तुला यायचं तर ये, समुद्राकडे पाठ करून बस आणि माझ्याकडे बघ. नाहीतर मी एकटी जाते."

बाबांनी तोंड उघडलं. "अगं, पण का..."

"असल्या गोष्टींना का विचारायचं नसतं, बाबा."

झोपाळ्याची कुरकुर थांबली. कोकम सरबताचा पेला घेऊन आलेल्या आई दारातच उभ्या राहिल्या. निलेश माझ्याकडे बघत होता, आणि या वेळी रेंज गेलेली नव्हती. मग त्याने मुकाट्याने ऋत्विकच्या हातातला बूट घेतला आणि परत पायात घालायला लागला.

अशी शांतता या घरात माझ्यामुळे पहिल्यांदाच झाली होती. मी ती वाया घालवली नाही. मान ताठ केली, एका झटक्यात उठले आणि घेर सावरून पायरीकडे निघाले.

डावीकडून जोराचा हिसका बसला. मागे बाक करकरला, आणि एकाच निळ्या कापडात माझ्यामागून फरफटत येत गोदाआत्या म्हणाल्या,

"थांब गो बाय, चपला तरी घालू दे मला!"