धाकट्या पातीतलं हसू, थोरल्या पातीतलं रडू

समाचाराला जावं तर मी! अख्ख्या धार शहरात माझा हात धरणारा कोणी नव्हता. उंबऱ्यातच असा हंबरडा फोडायचो, की घरचे आपलं रडणं सोडून माझ्याच तोंडाला पाणी लावत. त्यामुळे देवासच्या थोरल्या पातीचे कारभारी जगदेवराव यांचे चुलते वारल्याचं कळताच मी निघालो. त्यांच्या एका शब्दावर मला कारकुनी मिळणार होती. "हात हलवत आलात तर मी माहेरी जाईन," असं बायकोनं बजावलंच होतं.

देवास गाव एक, पण राज्यं दोन! रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकटीची. मी परगावचा, मला बाजू काय ठाऊक? समाचाराला जाताना दारात हाक मारायची नाही, रामराम घालायचा नाही, असा रिवाज. डोळ्यांपर्यंत उपरणं ओढून समोरच्या दारात शिरलो. सतरंजीवर मंडळी माना खाली घालून गप्प बसलेली. मी बसकण मारून सूर लावला, "गेले हो! घराचा खांब गेला!"

"कोण गेलं?" एका म्हाताऱ्यानं घाबरून विचारलं.

शेजारच्यानं माझा खांदा हलवला. "भिया, गमी तो सामनेवाले घर में है. यहाँ लड़की देखने आए हैं."

मानपानावरून बोलणी अडली होती, म्हणून ती शांतता! पाटावरची मुलगी खुदकन हसली. मग आतल्या बायका, मग पाहुणे, शेवटी मुलाचे वडील खंडोजी. धरमपुरीला नर्मदेचा पूर बघताना माणसाची वाचा बसते, तशी माझी बसली. हसू एवढं मोठं असतं? पीळदार मिशांचे खंडोजी भिंतीला धरून कसेबसे म्हणाले, "राहू द्या तो मानपान. मुलगी पसंत."

मी रस्ता ओलांडला, पण हसू माझ्यासोबत आलं. जगदेवरावांपुढे बसलो आणि पोटातून उकळी फुटली. उपरणं तोंडात कोंबलं, ओठ चावले, रामनाम घेतलं. नोकरी गेली, बायको गेली, असं मनात आणलं तर आणखीच जोर! खांदे गदगदा हलू लागले, डोळ्यांना धारा लागल्या.

जगदेवरावांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "एवढा उमाळा आमच्या रक्ताच्या माणसांनासुद्धा आला नाही हो. सुतक फिटलं की नोकरीवर रुजू व्हा."

"कारकुनीवर ना, रावसाहेब?"

"छे! कारकून ढिगानं मिळतात. तुम्ही दरबारातर्फे गावोगाव समाचाराला जायचं."

पगार बरा आहे, बायकोही घरीच आहे. फक्त हल्ली मी कोणाकडे सहज गेलो, तरी दार उघडणारा आधी घरातल्या म्हाताऱ्यांना हाका मारून बघतो.