कुत्र्याचं ऑपरेशन आणि पन्नास काडतुसं

"काडतुसात दारू भरताना बोलायचं नाही. रेडिओ नाही, फोन नाही. छत कोसळलं तरी आधी हातातली पुंगळी पुरी करायची," ऑर्व्हिलने जावयाला बजावलं आणि तो जीपमध्ये तंबू चढवायला निघून गेला.

टोबी मान डोलावून तळघरातल्या बाकावर बसला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासऱ्याने त्याला अजून एकदाही एल्क हरणांच्या शिकारीला नेलं नव्हतं. सासरच्या स्टेनरुडांच्या शिकारी कॅम्पात दुकानातली काडतुसं चालत नसत. ज्याने त्याने आपली आपण भरायची. मोंटानात जन्मलेल्यांना हे आईच्या मांडीवरच येतं, टोबी पडला शिकागोचा. उद्या पहाटे शिकार सुरू होत होती आणि यंदा पहिल्यांदाच त्यालाही बोलावणं होतं.

अर्धं काम झालं आणि सासूबाई अवतरल्या. हातात हकलबेरीची पाई.

"जावईबापू, खाऊन घ्या. अहो, त्या लिंडाच्या कुत्र्याचं काय झालं माहितीय? मोजा गिळला मेल्याने! अख्खा!"

सासूला गप्प बसा म्हणायची टोबीची काय छाती! तो "हं, हं" करत राहिला, हात चालत राहिले. सासूबाईंच्या गोष्टीतला कुत्रा ऑपरेशन होऊन शुद्धीवर आला तेव्हा पन्नासही काडतुसं गोळ्या बसवून तयार होती.

सासूबाई वर गेल्या आणि टोबीला घाम फुटला. "हं" म्हणताना कुठल्या पुंगळीत दारू घातली आणि कुठलीत नाही? कुठलीत दोनदा? जुन्या बंदुकीच्या ऐसपैस पुंगळ्या, दुप्पट दारूही निमूट गिळायच्या. त्याने एकेक काडतूस काट्यावर ठेवून पाहिलं, पण रिकाम्या पुंगळ्यांचीच वजनं एकसारखी नव्हती, काटा काय सांगणार?

शेवटी त्याने गोळी सोडवायचा हातोडा घेतला. ठक्. ठक्. अकरावं काडतूस कोरडं निघालं. तेविसाव्यातून दुप्पट दारू निघाली. बंदूक फुटली असती, डोळे गेले असते. आणि शिकार तर गेलीच.

ठकठक ऐकून ऑर्व्हिल खाली आला.

"काय चाललंय?"

"चुकलो, सर. सगळी फोडतोय. मी नाही येत उद्या."

"बोललास?"

"मी फक्त हं म्हणालो. आई बोलत होत्या."

"काय?"

"लिंडाच्या कुत्र्याचं ऑपरेशन."

फळीवर ऑर्व्हिलची स्वतःची पेटी होती, शंभर काडतुसांची, चकचकीत. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तो मोजा गिळलेला?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"मंगळवारी मी इथेच ही काडतुसं भरत बसलो होतो. तेव्हा टाके घालेपर्यंत सांगितलं होतं तिने."

त्याने पेटी खाली काढली, दुसरा हातोडा शोधला आणि बाकावर बूड टेकलं.

"सरक जरा. आणि हे बघ, उद्या कॅम्पात माझ्या भावांसमोर यातला चकार शब्द जरी काढलास तर याद राख."