मामाजींची कॅसेट आणि दोन डबे

गुणवंतमामा दोन वर्षांनी सुरेंद्रच्या माजरीतल्या खाणीच्या क्वार्टरमध्ये आले आणि टेकता टेकताच म्हणाले, "कुठी हाये थे मशीन? मले माहे गाने आयकवा, जवाईबापू."

सुरेंद्रला हायसं वाटलं. बाप गेल्यावर त्याच्या बायकोला, प्रेमिलाला, मूल गावी वाढवलं ते याच मामांनी. पण सुरेंद्रच्या भावाच्या लग्नात त्यांना मानाचा दुपट्टा द्यायचा राहिला, आणि त्यांनी या घराची पायरी सोडली. त्यांचा रुसवा निघावा म्हणूनच सुरेंद्रने त्यांची दंडारीतली, गावच्या लोकनाट्यातली, गाणी जुन्या कॅसेटवरून कॉम्प्युटरात भरून घेतली होती आणि तसा निरोपही धाडला होता.

"गाने बेडरूममधल्या कॉम्प्युटरात रायतेत, मामाजी," तो स्पीकरशेजारच्या छोट्या डब्यावर हात ठेवून कौतुकानं सांगू लागला. "हा डबा वायरनं तिकडून मागवते आन् स्पीकरले देते. असाच एक सैपाकघरात हाये. कोन्या डब्यानं काय वाजवाचं, थे कॉम्प्युटर सांगते."

पहिलं गाणं झालं. मामांनी डब्याचा रिमोट मुठीत धरून डोळे मिटले. दुसरं सुरू झालं आणि सुरेंद्रला एकदम आठवलं. कॅसेट भरताना त्याने टेपसमोर साधा माइक ठेवला होता. हे गाणं संपताच प्रेमिलाने आतून विचारलं होतं, "कसा हाये आवाज?" त्याने दिलेलं उत्तरही माइकने टिपलं होतं, आणि ते कापायचं तो साफ विसरला होता.

"मामाजी, रिमोट देता का जरा?"

"काऊन? बराबर तं वाजून राह्यलं."

डब्याचा प्लग मामांच्या खुर्चीमागे. पाणी आणतो म्हणून सुरेंद्र बेडरूममध्ये पळाला आणि कॉम्प्युटरवर 'पुढचं गाणं' दाबलं. हॉलमध्ये मामा गातच राहिले; सैपाकघरात मात्र वरातीचा बँड दणाणला. पडद्यावर निवडलेला होता तो सैपाकघरातला डबा.

"अवो, च्या सांडला ना माह्या हातून!" प्रेमिला ओरडली. "काय करून राह्यले?"

घाईत त्याने भलतंच बटण दाबलं, दोन्ही डबे एकत्र जोडणारं. आता मामा हॉलमध्येही गात होते आणि सैपाकघरातही.

"वा, जवाईबापू! आता कसं घर भरलं!"

शेवटचं कडवं आलं. सुरेंद्रने कॉम्प्युटरची वायरच उपटली आणि डोळे मिटून घेतले. मामा गातच राहिले. तेव्हा त्याला आठवलं, डबा गाणं थोडं आधीच मागवून जवळ ठेवतो, वायर सुटली तरी खंड पडू नये म्हणून. याच सोयीवर भाळून त्याने डबे घेतले होते.

गाणं संपलं. दोन्ही खोल्यांतून सुरेंद्रचा आवाज स्वच्छ आला, "आवाज कायचा, धानाच्या मिलचा भोंगा हाये!" मागोमाग प्रेमिलाचं हसू. मग डब्यांमधला साठा संपला.

तो हॉलमध्ये आला तेव्हा प्रेमिला दारात पदर तोंडावर धरून उभी होती. मामा हातातल्या रिमोटकडे बघत होते.

"खरं हाये," शेवटी ते म्हणाले. "पन गानारा मी नाई. त्या रोजी माहा गळा बसला होता. आमच्या पार्टीतला पोचू नावाचा गडी गायला, मी नुसती पेटी वाजवली. त्याले मी तवाच म्हनलो, भोंगा हायेस म्हनून."

"तरीच!" सुरेंद्रचा जीव भांड्यात पडला. "मी म्हनलो, हे मामाजी असूच शकत नाई."

"मंग आयका." मामांनी कानावर हात ठेवला आणि तान घेतली.

शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली. तोच सूर, तेच थरथरणं, तोच भोंगा. नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. मामा मध्येच थांबले. आता त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

"येगळा हाये ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"लयच येगळा, मामाजी," सुरेंद्र म्हणाला. प्रेमिलाने डोळे पुसत मान हलवली.

"मंग पोचूचे पुसून टाका," मामा खुशीत पाय पसरून म्हणाले, "आन् माहे भरा. तीस-पस्तीस येतेत मले. आज मुक्कामच करतो."